समुद्रातला साप, मान हलवणारं बदक आणि शाळेमागचं टाकं

टिपेश्वरकर

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलंय. दरवर्षी तेच ते: ठिबक सिंचन, सिरिंजवर चालणारा जेसीबी, फसफसणारा ज्वालामुखी. यंदा आठवीच्या पोरांनी वेगळंच काढलं, प्राणी-वनस्पतींकडून शिकून समुद्राच्या लाटांपासून वीज. वर्गातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नाही. मला ते अडचणीचं वाटत नाही. चंद्रही कोणी जवळून पाहिलेला नसतो, तरी त्यावर दरवर्षी दोन प्रोजेक्ट असतात.

आतापर्यंत जमवलेली माहिती अशी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर एडिंबरा विद्यापीठाच्या स्टीफन सॉल्टर यांनी लाटेवर बदकासारखी मान हलवणारं यंत्र काढलं आणि १९७४ मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर लेख लिहिला. प्रयोगशाळेतल्या टाकीत ते लाटेतली ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा घ्यायचं म्हणे. मग स्कॉटलंडचंच पेलामिस. समुद्री सापाचंच नाव, सव्वाशे मीटरच्या आसपास लांब, सांध्यासांध्यात वाकणारं. २००४ मध्ये ऑर्कनी बेटांपाशी त्याची वीज ग्रिडला गेली आणि २००८ मध्ये पोर्तुगालच्या अगुसादोरा किनाऱ्यासमोर ७५० किलोवॅटची तीन यंत्रं लागली. ऑस्ट्रेलियात पोर्ट फेअरीजवळ बायोवेव्ह नावाचं २५० किलोवॅटचं यंत्र बसवलं, ते समुद्रतळाच्या केल्प शेवाळासारखं डोलणारं. आणि स्वीडनच्या कॉरपॉवरची कल्पना तर माणसाच्या हृदयावरून, एका हृदयरोगतज्ज्ञाची.

माझे प्रश्न दोन. एवढं सगळं झालं तरी ही यंत्रं पवनचक्क्यांसारखी जिकडेतिकडे का दिसत नाहीत? पोरं विचारतात आणि परीक्षकही विचारणार. दुसरा, शाळेमागे आठ-नऊ फूट लांब सिमेंटचं टाकं आहे. त्यात यातलं कोणतं खरोखर चालवून दाखवता येईल? थर्माकोलचं नुसतं शोभेचं मॉडेल नको.

रात्रपाळी

मास्तर, धागा वाचून हासू आलं. समुद्र पडला तिकडं, नागपुराहून नुसती समृद्धीच ७०१ किलोमीटर, अन् तुमी लाटा पकडाले निंगाले. चंद्रपूरले २९२० मेगावॅटचं केंद्र, तिरोड्याले ३३०० चं. वीज इथंच होते अन् माह्या हरभऱ्याले पाणी द्याले मी रातच्या बारा वाजता बॅटरी घेऊन वावरात. सापच पाहाचा असन तं या माह्या धुऱ्यावर. पोर्तुगालले कायले जाता?

बाकी पोरायचं कौतुक हाये. मनावर घेऊ नका.

वर्धापार

रात्रपाळी भाऊ, तुमचा राग रास्त आहे, पण त्याचं उत्तर लाटांकडे नाही, शेताला वीज देणाऱ्या लाइनकडे, फीडरकडे आहे. त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

गुरुजी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल. माझं आयुष्य पंप आणि टर्बाइनमध्ये गेलंय, त्यामुळे या विषयाकडे जुनी नजर आहे.

लाटेची ताकद मोजायचा ढोबळ हिशोब असा: उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमधल्या सेकंदांनी गुणा आणि निम्मं करा. लाटेच्या दर मीटर रुंदीमागे साधारण तेवढे किलोवॅट येतात. दोन मीटरची लाट, आठ सेकंदांचं अंतर, म्हणजे मीटरमागे सोळा किलोवॅट. वाऱ्याच्या आणि उन्हाच्या मानाने हे फार दाट आहे. म्हणून तर १७९९ मध्येच पॅरिसमध्ये जिरार बापलेकांनी लाटांच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं.

पण खोच त्या वर्गातच आहे. दोन मीटरच्या जागी दहा मीटरची लाट आली की ताकद पाचपट नाही, पंचवीसपट होते, आणि मोठ्या लाटांमधलं अंतरही जास्त असतं, म्हणजे त्याहूनही जास्त. यंत्र कमाई करतं रोजच्या दोन मीटरच्या लाटेवर आणि बांधावं लागतं वर्षातून एकदा येणाऱ्या दहा मीटरच्या लाटेसाठी. पोलाद त्या एका रात्रीसाठी भरायचं आणि पैसे बाकीच्या दिवसांनी फेडायचे. हा धंदा इथेच बसतो.

म्हणून माझं मत असं की निसर्गाची नक्कल म्हणजे आकाराची नक्कल नव्हे. बदकासारखं दिसलं, सापासारखं दिसलं, याला बातमीत किंमत. ते जीव वादळात काय करतात ते उचललंय का, ते बघायचं. पेलामिसमध्ये ते बऱ्यापैकी उचललं होतं. तोंड लाटेकडे करून ते पडून राहायचं, लाट अंगाखालून जाताना सांधे वाकायचे, सांध्यातले हायड्रॉलिक दट्टे तेल दाबायचे, त्या दाबावर मोटर आणि मोटरवर जनित्र फिरायचं. लाट फार मोठी झाली की सडपातळ असल्यामुळे ते तिच्या पोटातून आरपार निघायचं.

टिपेश्वरकर

मग पोर्तुगालमध्ये बंद का पडलं?

वर्धापार

काही महिन्यांतच तिन्ही यंत्रं ओढून बंदरात आणावी लागली. सांध्यातल्या बेअरिंगचा त्रास होता. तो दुरुस्त झाला असता, पण साल २००८. पैसा लावणारी मूळ कंपनी त्याच आर्थिक मंदीत झोपली. पुढे दुसरी पिढी ऑर्कनीला चालवून पाहिली, आणि २०१४ मध्ये पेलामिस कंपनीचंच दिवाळं निघालं. पुढच्याच वर्षी ऑयस्टर नावाचं यंत्र करणारी कंपनीही गेली. दोन्ही ठिकाणी भौतिकशास्त्र हरलं नव्हतं.

आणखी एक. पवनचक्कीचा आकार ठरून गेलाय, तीन पाती आणि उंच खांब. जगभरचे कारखाने तेच करतात म्हणून स्वस्त होत गेलं. लाटांच्या यंत्रात अजून प्रत्येकाचं वेगळं. कोणी साप करतं, कोणी झडप, कोणी तरंगता पिंप. सुटा भागसुद्धा एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

मिऱ्याबंदर

रत्नागिरीहून लिहितोय. विदर्भातल्या धाग्यावर समुद्राचं नाव दिसलं म्हणून डोकावलो.

वर्धापार यांचं वादळाचं म्हणणं खरं, पण आमच्या डोळ्यांसमोर त्याहून संथपणे वाट लावणारी गोष्ट असते. कुठलीही वस्तू समुद्रात ठेवा, आधी बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ, मग कडक कवचाचे बारके जीव असे चिकटतात की खरवडताना हात रक्ताळतात. होड्या उगाच ओढून काढून घासत-रंगवत नाहीत आम्ही. लोखंड खारं पाणी खातं ते वेगळंच. सांधे हलते असले की त्या सांध्यात हे सगळं जाऊन बसतं. बिघाड झाला तर दुरुस्तीला जायचं कधी? पावसाळ्यात आमच्याकडे जून-जुलै मासेमारीच बंद. म्हणजे लाटा सगळ्यात जोरात असतात तेव्हाच यंत्रापाशी माणूस पोचू शकत नाही.

पेलामिस हे नाव ज्यावरून ठेवलं तो पिवळ्या पोटाचा समुद्री साप आपल्या अरबी समुद्रातही असतो. विषारी. पोरांना आवडेल.

रात्रपाळी

> बिघाड झाला तर दुरुस्तीला जायचं कधी?

डीपी जयल्यावर आमी बी हेच इचारतो.

पऱ्हाटी

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मूळ वणीची. केल्पवाल्या यंत्राबद्दल थोडं जास्त वाचलंय म्हणून लिहिते. तळाला बिजागरी, वर पाण्यात डोलणारी तरंगती नळकांडी. लाटेबरोबर पुढे-मागे होतात, बुडाशी पंप चालतो. वादळाची लाट आली की यंत्र स्वतःच तळावर आडवं होतं आणि वादळ ओसरलं की उभं राहतं. नदीकाठचं लव्हाळं पुरात जसं झोपतं आणि पाणी उतरल्यावर परत डोकं काढतं, अगदी तसं. बाभूळ मात्र ताठ राहते आणि वाहून जाते.

आणि कॉरपॉवरबद्दल. हृदयाची नक्कल म्हणजे नेमकं काय, तर हृदय एका ठोक्यात ताकद साठवून परतीच्या हालचालीला वापरतं, असं त्या डॉक्टरांचं, स्टिग लुंडबॅक यांचं, निरीक्षण. यंत्रात तरंगत्या पिंपाला हवेच्या दाबाने कायम खाली ओढून ठेवलेलं असतं. लाट वर नेताना वीज, दाब खाली ओढताना वीज. वादळात ते जोड सैल करतं आणि लाटेला जवळजवळ दादच देत नाही. २०२३ मध्ये अगुसादोराच्याच किनाऱ्यासमोर त्यांचं ३०० किलोवॅटचं यंत्र होतं आणि त्याने साडेअठरा मीटरची लाट सोसली. जिथून पेलामिस परत आणलं तोच किनारा.

टिपेश्वरकर

वा पऱ्हाटी ताई. हे लव्हाळ्याचं पोरांना एका मिनिटात कळेल. आमच्या इथल्या नदीत ते दरवर्षी बघतात.

धानपट्टा

मी पवनीचा. एक बाळबोध प्रश्न. आपल्याकडे समुद्र नाही, पण गोसीखुर्दचं पाणी आहे. वारा सुटला की त्यावर लाटा उठतात, डोंगा हेलकावे खातो. तिथे असं काही लावता नाही का येणार? आणि एवढे मालगुजारी तलाव आहेत आमच्याकडे.

वर्धापार

बाळबोध नाही, चांगला प्रश्न आहे. वरचाच हिशोब लावा. धरणावर जोराच्या वाऱ्यात फूटभर लाट धरू, म्हणजे ०.३ मीटर, आणि दोन सेकंदांचं अंतर. वर्ग ०.०९, गुणिले दोन, निम्मं: ०.०९ किलोवॅट. मीटरमागे नव्वद वॅट, तेही वारा सुटला तरच, आणि यंत्राने सगळं घेतलं तरच. समुद्राच्या रोजच्या लाटेच्या दीडशेव्या हिश्शाहूनही कमी. लाट मोठी व्हायला वाऱ्याला शेकडो किलोमीटर मोकळं पाणी लागतं, जलाशयात ते मिळत नाही. मालगुजारी तलावात तर बोलायलाच नको, ती कोहळी मंडळींनी धानासाठी बांधलेली, धानालाच राहू द्या. वीजच हवी असेल तर पाण्यावर तरंगते सोलर पॅनल त्याहून कितीतरी बरे, मात्र ढिवर बांधवांच्या मासेमारीची जागा सोडून.

मात्र एक जवळची गोष्ट आहे. मिशिगन विद्यापीठाचे मायकेल बर्निट्सास यांनी माशांकडे बघून यंत्र केलं. वाहत्या पाण्यात आडवा दांडा ठेवला की त्याच्या मागे एकदा वरून, एकदा खालून भोवरे सुटतात. मासे पोहताना असल्या भोवऱ्यांचा फायदा घेतात. यांनी दांडा स्प्रिंगवर ठेवला, भोवऱ्यांमुळे तो वरखाली होतो आणि त्यावर वीज. सेकंदाला एखादा मीटर एवढ्या संथ प्रवाहातही ते हलतं, जिथे साधी टर्बाइन रडते. म्हणजे लाट नाही, पण कालवा चालेल.

लगेच उड्या मारू नका. सेकंदाला एक मीटर वेगाच्या पाण्यात दर चौरस मीटरमागे पाचशेच वॅट असतात. त्यातला तिसरा हिस्सा हाती आला तरी खूप. कालव्याला पाणी तेवढंच जेवढ्या पाळ्या सुटतील. दोन दिवे आणि मोबाइलचं चार्जिंग, इतपत.

फुंकणी

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळतच नाहीये, म्हणून मी. प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाते, त्यामुळे स्वार्थ आहे. चालणारं मॉडेल बघायला मिळालं तर डोळे निवतील.

सगळ्यात सोपं मॉडेल प्राण्याचं नाही, खडकाचं आहे. किनाऱ्यावरच्या कपारीत लाट शिरली की वरच्या भोकातून हवा फुसकारते, त्याच तत्त्वावर भारतातला पहिला मोठा प्रयोग झाला. केरळात तिरुवनंतपुरमजवळ विझिंजमला, १९९१ मध्ये, १५० किलोवॅट, आयआयटी मद्रासच्या मंडळींनी. काँक्रीटची पेटी, खालून उघडी. आत पाणी वरखाली होतं, वरची हवा आतबाहेर करते आणि त्या हवेवर टर्बाइन. ते केंद्र नंतर बंद पडलं, पण स्पेनमध्ये मुत्रिकूला २०११ पासून बंदराच्या भिंतीतच अशा सोळा टर्बाइन बसवल्या आहेत. यंत्र भिंतीत आणि हलता भाग हवेत, त्यामुळे मिऱ्याबंदर यांची चिकटणाऱ्या जीवांची कटकटही कमी.

पोरांना इथे एक झकास कोडं घालता येईल. हवा एकदा आत, एकदा बाहेर, मग भिरभिरं एकदा सुलटं आणि एकदा उलटं फिरणार. बेलफास्टच्या ॲलन वेल्स यांनी दोन्ही बाजूंनी सारखी गोलाई असलेली पाती केली, हवा कुठूनही येवो, चाक एकाच दिशेने फिरतं. ते हाताने करणं अवघड आहे. तुम्ही सायकलच्या ट्यूबच्या रबराच्या झडपा लावून हवा एकाच वाटेने सोडा. जपानचे योशिओ मासुदा यांनी समुद्रातल्या दिव्यांच्या बोयांसाठी झडपाच वापरल्या होत्या.

आणि 'भारतात आता काय' असं मी नक्की विचारणार, तेव्हा उत्तर तयार ठेवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयआयटी मद्रासने तुतिकोरीनपासून सहा किलोमीटर समुद्रात सिंधुजा-१ हे तरंगतं यंत्र लावलं, १०० वॅटचं. मुंबईत १०० किलोवॅटच्या पथदर्शी प्रकल्पासाठी २०२५ मध्ये एका इस्रायली कंपनीशी करार झालाय. १०० वॅट ऐकून हसू नये, समुद्रातल्या यंत्रांना आणि उपकरणांना जागेवर वीज हवी असते, तिथे केबल ओढणं परवडत नाही.

टिपेश्वरकर

फुंकणी मॅडम, फार उपयोगी. पण पोरांना जिवंत वस्तूच हवी आहे. बदक किंवा लव्हाळं. खडक म्हटलं तर तोंडं पडतील.

वर्धापार

मग लव्हाळंच घ्या. टाकं उथळ आहे. खोल पाण्यात पाण्याचे कण गोल फिरतात, उथळात ते गोल चपटे होऊन जवळजवळ पुढे-मागे होतात. तळाला बिजागरी असलेल्या फळीला हेच लागतं. बंद पडलेलं ऑयस्टर किनाऱ्याजवळ दहा-बारा मीटर पाण्यात याचसाठी ठेवलं होतं.

आणि बदकाचा उपयोग प्रयोगासाठी करा. नॉर्वेच्या बुडाल आणि फाल्नेस यांनी सत्तरच्या दशकात मांडलेली गोष्ट आहे: लाट चांगली गिळणारं यंत्र लाट चांगली उठवणारंही असलं पाहिजे. कारण लाट गिळायची म्हणजे तिला मारणारी उलटी लाट आपण उठवायची. तेव्हा पाणी निवांत असताना पोरांना यंत्र हाताने हलवायला सांगा. सॉल्टरच्या बदकाची पाठ गोल आहे, म्हणून ते मान हलवतं तेव्हा पुढेच लाट उठते, मागे पाणी जवळजवळ गप्प. साधी फळी दोन्हीकडे लाट उठवते. एक लाकडी बदक आणि एक फळी, दोन्ही हाताने हलवून दाखवा. परीक्षक खुर्चीवरून उठून टाक्यापाशी येतील.

फुंकणी

मी तर येईनच.

तार_आणि_वार्निश

नमस्कार. माहं मोटर वायंडिंगचं दुकान हाये. विजेचा भाग मी सांगतो, कारण तिथंच सगळ्यायचे मॉडेल फसते.

पोट्टे काय करतात, पाइपवर पाचशे वेढे तार गुंडाळतात, आत स्पीकरचा चुंबक हलवतात अन् एलईडी लागत नाही म्हणून रडतात. लाट हळू येते बावा. चुंबक हळू गेला का व्होल्टेज होतच नाही. एलईडीले दोन व्होल्टच्या आसपास तरी पाह्यजेच. म्हणजे बारीक तारेचे हजारोंनी वेढे अन् जोरदार चुंबक. पंखा भरतो ती ३६ नंबरची तार चालन, पंपाच्या मोटरची जाड तार कामाची नाही. पण तेवढे वेढे हातानं भरता भरता पोट्टे दहावीत जातीन.

सोपा उपाय: भंगारातला जुना प्रिंटर पाहा. त्यात स्टेपर मोटर राह्यते. तिचा दांडा दोन बोटानं हळू फिरवला तरी एलईडी लागते, मी दुकानात लावून दाखवतो गिऱ्हाइकाले. फळीच्या वरच्या टोकाले मासोळीच्या गळाची दोरी बांधा, दोरीचे दोन आटे मोटरच्या दांड्यावर घ्या अन् दुसऱ्या टोकाले रबर नाहीतर वजन. फळी बोटभर हालली तरी बारीक दांडा कितीतरी फिरते. मोटर पाण्याच्या वर, कोरड्या पट्टीवर ठेवा. स्टेपर मोटर कुठंबी फिरली तरी वीज उलटीसुलटीच देते, म्हणून दोन एलईडी उलटेसुलटे जोडा, लाल अन् हिरवा. लाट येवो का जावो, फळी हालली का लाल-हिरवा दोन्ही लुकलुकते. झडपा गिडपा काही नाही लागत.

पऱ्हाटी

काका, हे भारी आहे! मी तर उलटीसुलटी वीज एकाच दिशेने वळवणारा चार डायोडचा ब्रिज सुचवणार होते. दोन रंगांत जास्त दिसेल.

गुरुजी, एक भर. फळीला वर थर्माकोलचे तुकडे कमी-जास्त चिकटवून बघा. तिची स्वतःची डोलण्याची चाल लाटेच्या चालीशी जुळली की फळी एकदम मोठी डोलायला लागेल. कॉरपॉवरचं निम्मं डोकं हीच चाल जुळवण्यात गेलंय. पोरांना वहीत मांडायला तक्ताही मिळेल: किती थर्माकोल, किती डोल.

टिपेश्वरकर

ठरलं तर. लव्हाळ्याची फळी, प्रिंटरची मोटर, शेजारी लाकडी बदक. लाट पोरं पत्र्याच्या फळीने हाताने उठवतील. आज टाक्यात नुसतं करून पाहिलं तर एक अडचण आली. दोन-चार लाटा सुबक जातात, मग सगळं पाणी वेडंवाकडं उसळायला लागतं, कुठली लाट कुठून येते कळत नाही.

वर्धापार

समोरच्या भिंतीवर आपटून लाट परत येते आहे. दुसऱ्या टोकाला उतार करा, गिट्टीचा. जाड गिट्टी खाली, बारीक वर, पाण्याच्या थोडी वरपर्यंत. लाट त्यात शिरून फुटते आणि तिथेच मरते. मोठ्या प्रयोगशाळांच्या टाक्यांतही असाच कृत्रिम किनारा करतात. उतार जितका लांब तितकं बरं, आठ फुटांत दोन फूट तरी द्या.

रात्रपाळी

गिट्टी इकत घेऊ नका मास्तर. स्लॅबची उरलेली पडली हाये माह्या घरी, पाहिजे तेवढी न्या. पोट्टे गुरुवारी सकाळी पाठवा, या हप्त्यात लाईन रातची हाये तं मी दहापर्यंत झोपतो, त्याच्या आधी दार वाजवू नका म्हणा. अन् तो लाल-हिरवा दिवा लागला का फोटो टाका इथंच.